वळण आलं आणि जीप सरळ गेली, त्याची हकिकत

तीर्थरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार. (खरं तर सकाळपासून जीपखाली उताणा पडून होतो, त्यामुळे नमस्कार उलट्या बाजूने झालाय. भाव तेवढा सुलटा करून घ्यावा.) आपली तब्येत, ताईची कंबर आणि गॅरेजमधला तो खोकणारा कॉम्प्रेसर, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. तुमच्या मातोश्री सुखरूप आहेत. हे वाक्य दोनदा वाचा आणि मगच पुढे चला. इथे फोनला रेंज नाही, म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती पत्र पाठवतोय.

निघताना तुम्ही बजावलं होतं, की आईंना मावशींकडे नीट पोचव, आणि या खेपेला जीपला काही झालं तर गाडीवरून कायमचा खाली उतरवीन, थेट आमच्या बाबांच्या दुकानात पडद्यांच्या कापडाला घड्या घालायला. ते मी विसरलेलो नाही. मला घड्या जमत नाहीत हे बाबाही जाणतात (माझ्या घडीला पाच कोपरे येतात, पाचवा कुठून येतो ते कुणालाच कळलेलं नाही). तेव्हा झालं ते सगळं सांगतो. निकाल माझ्याच बाजूने लागणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

टेकडी उतरलो की माळ लागतो आणि कच्चा रस्ता डावीकडे वळतो. तसा तो वळला. मीही स्टिअरिंग वळवलं. आईसुद्धा सवयीने डावीकडे कलल्या. जीप तेवढी वळली नाही. रुसलेल्या आत्यासारखी मान ताठ ठेवून ती सरळ माळावर चालती झाली, आणि माझ्या हातातलं चक्र भोवऱ्यासारखं गरगरत राहिलं. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. थांबलो तेव्हा समोर हातभर अंतरावर एका मधमाश्यावाल्याच्या पेट्या! “अरे, रस्ता तिकडे राहिला ना?” आई म्हणाल्या. म्हटलं, “आई, हा जवळचा रस्ता आहे.” “मग थांबलास का?” मी मधमाश्यावाल्याला नमस्कार करायला खाली उतरलो. मधमाश्यावाला मात्र भला निघाला, त्याने आधी आईंना खुर्ची दिली आणि मग मला शिव्या. (मधमाश्या मैलभर भटकून बरोब्बर आपल्याच पेटीत परततात, असं तो सांगत होता. मी त्यात अंमळ रमलो. माझ्या बाबतीत बाबांची हीच तक्रार आहे, त्यातला परतण्याचा भाग सोडून.)

असो. आता निदान. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद जुना आहे, पण डोकं माझ्याजवळच राहिलं. आधी वाटलं टायर बसला असेल. चारही टायर टणक. मग वाटलं चाकांमधला आडवा दांडा तुटला. त्यावर पैज लावायला निघालो होतो, मधमाश्यावाल्याने घेतली नाही म्हणून वाचलो. कारण जॅक लावून एक चाक हाताने ढकललं तर दुसरंही मुकाट्याने त्याच्यामागे वळलं. म्हणजे खालचा संसार एकोप्याचा आहे, बिघाड वर कुठेतरी. अशा वेळी एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने ती हालचाल कुठवर पोचते ते बघत जायचं. मधमाश्यावाला म्हणाला, या गाडीच्या मी जवळ येणार नाही. राहिल्या आई. त्या पदर खोचून चढल्या आणि मी खालून ओरडलो, “डावीकडे!” “कुणाच्या डावीकडे? तू उताणा आहेस!” “तुमच्या हो, तुमच्या!” मग त्यांनी असं काही चक्र फिरवलं, की म्हटलं आता जीप उडते. पण खाली काहीच हलेना. बॉनेट उघडून पाहिलं, तर स्टिअरिंगचा वरचा दांडा गरागरा फिरतोय आणि खालचा ढिम्म. दोघांना जोडणारा सांधा निसटून लोंबत होता, कारण त्याला धरून ठेवणारा बोल्टच गायब होता!

आता नाजूक भाग. बोल्ट आपणहून जात नाही भावोजी, तो ढिला असावा लागतो. तुमच्या गॅरेजचा नियम सगळ्यांना पाठ आहे: शेवटचा नट मालकाने आवळायचा. निघायच्या दिवशी मिस्त्रींनी इंजिनाच्या कामासाठी सोडलेला तो सांधा परत जोडला, बोल्टाला दोन बोटांनी फिरवलं आणि नियमाप्रमाणे हात पुसून बाजूला झाले. तुम्ही पाना घेऊन आलात. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, की शेवटचा नट तुम्हीच का आवळता. आणि तुम्ही त्याला ते समजावायला लागलात. पाना हातात, एक पाय बंपरवर. फार सुंदर बोललात, मी स्वतः ऐकत होतो. इतकं सुंदर की मला वाटलं आवळून झालंय, मिस्त्रींनाही वाटलं, तुम्हालाही वाटलं असणार. बॉनेट लावलं आणि आम्ही निघालो. चूक तुमची असं मी म्हणत नाही. तसं म्हणायची माझी योग्यता नाही. बोल्ट म्हणतोय.

सांधा मी जागेवर बसवला आणि जीपच्या मागे डिझेलचा जादा कॅन ठेवायची जी चौकट आहे तिचा बोल्ट मापात आला तो लावून, मालकाची वाट न बघता, दात खाऊन आवळला. माळावर दोन फेऱ्या मारल्या, जीप गाईसारखी वळते. पण हा तात्पुरता इलाज आहे, याच्यावर आईंना रस्त्याने नेणार नाही. नवा बोल्ट येईस्तोवर मधमाश्यावाल्याकडेच मुक्काम. तेव्हा यायची कृपा करावी. ताईला नमस्कार. पडद्यांचा विषय आता संपला असं समजतो.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. पत्र आईंनी वाचलं. बोल्ट नाही हे आधी त्यांनाच दिसलं, असं त्यांचं म्हणणं आहे. मी वाद घातला नाही. पुढचं त्या स्वतः लिहितायत.

ता. क. २. बाळा, मी तुझी आई. पोराला गाडीवरून उतरवायचं नाही. कुणाला उतरायचंच असेल तर तू उतर आणि गिऱ्हाइकांशी बोलत बस. मावशीला कळव, आम्हाला उशीर होईल. आम्हाला इथे काम आहे.

ता. क. ३. भावोजी, येताना बोल्टाबरोबर मागचा डावा दिवा आणि मधाच्या दोन रिकाम्या पेट्याही आणाव्यात. स्टिअरिंगला काही झालेलं नाही. आई रिव्हर्स शिकतायत.