मावशीचं खरं बोलणारं यंत्र

५ फेब्रु., गुरु.
शैलामावशीच्या वधूवर केंद्रासाठी व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारं यंत्र बनवायला घेतलंय. कोडिंग शून्य. स्क्रीनवर चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, एका खोक्यात साध्या मराठीत सूचना लिहायच्या. ऑफिसात रजेच्या अर्जांसाठी असंच केलं होतं, म्हणून मावशीला वाटतं मी इंजिनिअर!
आधी त्याला माहिती द्यायला हवी. पण मावशीचं सगळं डोक्यात. मुलुंड ते बोरिवली कोण कुणाला का नाही म्हणालं, सगळं. म्हटलं, फोनवर बोलत जा, त्याचं आपोआप लिहून होतं.
"किती सांगू?"
"सगळं. त्याच्यापासून काही लपवू नकोस."

७ फेब्रु., शनि.
मावशी सुटलीय. जेवण झालं की फोन तोंडासमोर धरून बाल्कनीत. काकांशी जन्मात इतकं बोलली नसेल. आईने विचारलं, "शैला कोणाशी बोलते गं एवढी?" "यंत्राशी." आई हसली.

८ फेब्रु., रवि.
पहिली चाचणी. पठ्ठ्याने स्वतःच एक स्थळ रचून दिलं. डोंबिवलीचा दंतवैद्य, एकुलता एक, स्वतःचा दवाखाना. असा माणूसच नाही! मी उडालेच. मावशीने तर त्याच्यासाठी मनातल्या मनात मुलगीही ठरवली होती.
सूचनांच्या खोक्यात लिहिलं: खोटं बोलायचं नाही. रचायचं नाही. माहितीत आहे तेच सांगायचं. मग सुतासारखं सरळ.

१० फेब्रु., मंगळ.
वाट लागली. मावशीने मला न विचारता यंत्राचा नंबर वाटून टाकला. कांजूरच्या एका आईने विचारलं, आमच्या मुलीच्या त्या स्थळाचं काय झालं? उत्तर गेलं: "पत्रिका उत्तम जुळते. मुलाला मुलगी सावळी वाटली."
असं कोणी तोंडावर सांगतं? आपल्याकडे नकाराचं एकच वाक्य असतं, पत्रिका जुळत नाही. सगळ्यांना माहीत असतं, सगळे मान डोलावतात, पुढच्या हळदीकुंकवाला एकमेकींना तोंड दाखवता येतं.
मावशीचा फोन: "अगं, ते खरं बोलतंय! बंद कर आधी!"
नंबर बंद केला. चाचणीची खिडकी फक्त माझ्याकडे चालू. हसू येत होतं. मग त्या मुलीचा विचार आला, आणि हसू गेलं.

११ फेब्रु., बुध.
दुरुस्तीला बसले. तपासायला कोणाचं नाव घालू? माझंच घातलं. स्थळ निखिलचं, दोन वर्षांपूर्वीचं. पोह्यांनंतर आम्ही दोघंच घाटकोपरला भेटलो होतो. इतकं बोललो की वेटरने कंटाळून टेबल दोनदा पुसलं. मला तो आवडला होता. खूप. मग त्यांच्याकडून निरोप, पत्रिका जुळत नाही.
उत्तर: "पत्रिका जुळली होती. मुलाकडून होकार होता. मुलीच्या आईने नकार कळवायला सांगितला. मुलाची नागपूरला बदली होणार होती. मुलीचे वडील नुकतेच गेले होते, आईला एकटं राहायची भीती वाटली."
पुन्हा विचारलं. तेच. शब्द फिरवून विचारलं. तेच. रचलं असेल? पण मीच लिहिलंय ना, रचायचं नाही म्हणून.
आई बाहेर मेथी निवडत होती. "वाढू का गं?" जेवले. काय जेवले आठवत नाही. नकार आला त्या दिवशी याच बाईने मला जवळ घेतलं होतं. म्हणाली होती, त्यांचंच नशीब फुटकं.
माझी आई. माझी

१३ फेब्रु., शुक्र.
ऑफिसमधून तडक मावशीकडे. चप्पलही नीट काढली नाही.
"खरं आहे?"
"हो."
"मला का नाही सांगितलंस?"
"तुझ्या आईने शपथ घातली होती. कोणत्याही माणसाला सांगायचं नाही." आणि मग, "त्या यंत्राला सांगितलं."
मुद्दाम? की बोलण्याच्या भरात? ती चहा ठेवायला उठली. मी ओरडलेच, "आणि निखिलला काय कळवलंस?"
"तेच. तुमची पत्रिका जुळत नाही."
म्हणजे दोन वर्षं तो समजतोय, मीच नको म्हटलं. त्याचं लग्न झालंय का, एवढं विचारायला तोंड उघडलं नाही. चहा तसाच टाकून आले.

१५ फेब्रु., रवि.
आईशी धड बोललेच नाहीये. चिडायचं म्हणून तिच्याकडे बघते, तर ती दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत असते. बाबा गेल्यापासून हे सुरू झालं. कळतं मला. तरी माफ करवत नाही.
आज तीच म्हणाली, "शैला सांगत होती यंत्र बंद केलंस. मला तरी दाखव की."
"पूर्ण बंद नाही. माझ्या फोनवर चालतंय."
"मग दे. तुझ्यासाठीच विचारते काहीतरी."
दुरुस्ती केलेली नाही. नंतर दाखवते म्हणता आलं असतं. खिडकी उघडून फोन दिला.
चष्मा लावला, एका बोटाने टाइप करायला लागली. माझं नाव. पूर्ण, बाबांच्या नावासकट. मग: हिचं लग्न का जमत नाही.
पाठवलं. तीन ठिपके हलायला लागले. फोन तिच्याच हातात ठेवून मी आत आले.
हे लिहितेय. बाहेरून अजून काही आवाज नाही.