सतराव्या झाडाची नोंद

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आम्ही दोघं ठीक. तुझी मामी जरा जास्तच ठीक, कारण आता ओट्यावर पानं पडत नाहीत आणि तिला दिवसातून एकदाच केर काढावा लागतो. आपल्या गल्लीतली सतराच्या सतरा झाडं गेली. तीन दिवस यंत्राची करवत चालली. छापखान्याने माझे कान नेले हे बरंच झालं असं वाटलं होतं, पण तो आवाज खुर्चीच्या पायांतून अंगात शिरत होता.

रस्ता रुंद होतोय. काम तुमच्याच खात्याचं, म्हणून तुला सांगतो. मला त्या झाडांची यादी हवी : जात, घेर, उंची, जमल्यास वय. प्रत्येकावर एक कविता लिहिणार आहे. हसू नकोस. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, एक माझं शिवायचं आहे. चाळीस प्रती, गल्लीतल्या घरटी एक. पहिली कविता मामीला वाचून दाखवली. ती म्हणाली, शिरीषाला ‘हे वृक्षराजा’ म्हणायचं असेल तर आधी त्याने डाग पाडलेल्या माझ्या चादरी धुऊन द्या.

घाई एवढ्यासाठी, की डॉक्टरीणबाईंच्या मते हृदयाची झडप दमली आहे आणि आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही. त्या वर्ष म्हणाल्या. मी सहा महिने धरून काम आखलंय. तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस.

यादी लवकर धाड. लोभ आहे तो आहेच, तो काही झडपेवर अवलंबून नाही.

तुझा मामा

१२ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

एवढी मोठी बातमी चादरींच्या खाली दडवून लिहितोस, याला काय म्हणावं? मी ऑफिसात पत्र फोडलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं माझी बदली झाली.

यादी सोबत आहे. पण पुढचं वाचून तू ती फाडशीलही. त्या रस्त्याची आखणी मी केली, मामा. साहेबांनी रुंदी ठरवून दिली, रेघ मी ओढली. नकाशावर झाड म्हणजे एक बारीक गोल आणि मध्ये टिंब. सतरा गोलांवर मी लाल फुल्या मारल्या. गल्ली तुझी आहे हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या फुलीला थांबले, पाणी पिऊन आले आणि उरलेल्या चौदा मारल्या. तुला कळवायची हिंमत झाली नाही.

खुशाल रागाव, पण गोळी घेऊन मग रागाव. मी रविवारी येऊ का ते कळव. माया पूर्वीसारखी ठेव असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

तुझी भिंगरी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चार दिवस मी तुझं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी मामीने विचारलं, न विचारता कबूल करणाऱ्या पोरीशी तुम्ही अबोला धरलात, मग जे कधीच कबूल करत नाहीत त्यांच्याशी काय करणार? त्याच दिवशी कामाला लागलो, म्हणून पत्राला उशीर झाला. रडायला येणार असशील तर येऊ नकोस. इथे काम पडलंय.

आधीच्या कविता फाडल्या. त्यांत झाडं कमी आणि मीच जास्त होतो. तुझी यादी घेऊन घरोघर गेलो, कुणाला काय आठवतं ते विचारलं. समोरचा शिंपी म्हणाला की शिरीषाखाली तो काळा आणि गडद निळा दोरा नजरेने ओळखायचा. आता ऊन डोळ्यांत येतं म्हणून पडदा ओढतो, आणि दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कोट त्याने दोन रंगांत शिवला. तीन नंबरची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपते. तिने काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. झोप येत नाही तेव्हा जुन्या बातम्या वाचते म्हणाली. तिच्या खिडकीतल्या चिंचेवर हे लिहिलं :

तू होतीस तेव्हा
दुपार बाहेरच उभी राहायची.
आता ती थेट आत येते,
खुर्ची ओढून बसते,
उठायचं नाव घेत नाही.

आणि शिरीषाचा बुंधा अजून कडेला पडलाय, त्यावर हे :

एकसष्ट वर्तुळं मोजली.
एकतिसाव्यावर बोट थांबलं :
त्या वर्षी मी इथे राहायला आलो.
पुढची आपण बरोबरीने काढली.
तुझी संपली. माझं एक
अर्धं राहिलंय, ते पुरं करतो.

नऊ झाल्या, आठ उरल्या. चुका दाखव, कौतुक नको. मर्जी कायम आहे, चार दिवसांची तूट सोडून.

मामा

२२ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चूक एकच. चिंचेची कविता तू नर्सबाईंना दाखवलीस का? नसशील तर दाखव. ती त्यांची आहे.

आता माझी बातमी. याच रस्त्याचा पुढचा टप्पा माझ्या टेबलावर आलाय. तेवीस गोल, बरेचसे नव्या गटाराच्या रेघेवर. या वेळी पहिल्या फुलीलाच हात अडला. साहेबांना म्हटलं, दुसरा मार्ग बघू या. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले की हळव्या मनाने गटार सरकत नाही. म्हणून मी गटारच सरकवायला घेतलं. तीन रविवार टेप घेऊन तिथे पायपीट केली. पलीकडच्या कडेला एक जुनी, बंद पडलेली पाण्याची वाहिनी सापडली. ती उकरून गटार तिथून नेलं तर रस्ता हवा तेवढा रुंद होतो आणि चौदा झाडं वाचतात. साहेबांनी आकडे तपासले. बरोबर आहेत म्हणाले, पण नकाशा मंजूर झालाय, आता कोण उघडणार? तुझ्या सहीने लेखी टिपण दिलंस तर वर पाठवीन, पुढचं तुझं तू बघ. म्हणजे काय ते मला कळलं. टिपण देणार आहे.

तुझ्याकडे एक मागणं : शिंपीकाकांनी, नर्सबाईंनी जे सांगितलं ते त्यांच्या सहीनिशी हवंय. आकड्यांना मी पुरी पडेन. झाड गेल्यावर काय होतं ते मला नकाशावर दाखवता येत नाही.

आईला मी सांगितलं. राहवलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी येतोय, आणि रडायला नाही. हक्काने रागावत राहा.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुम्ही येऊन गेलात, घर दोन दिवस मोठं वाटलं. तुझी आई मला अजून ‘बाळ्या’ म्हणून दटावते, त्याने औषधापेक्षा जास्त बरं वाटतं.

एकतीस सह्या सोबत आहेत. त्या मामीने आणल्या, मला आता जिना उतरवत नाही. कवितांना नाक मुरडणारी बाई वही घेऊन दारोदार गेली आणि एका घरी ‘नंतर या’ म्हणाले तर पायरीवरच बसून राहिली. बोटंही सुजतात, दोरा ओढवत नाही, म्हणून शिलाईही तीच करते. पहिल्या दोन प्रती उलट्या शिवल्या तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, उभ्या जन्मात तुमची बटणं कुणी लावली? मी तिसरी प्रत तिच्यापुढे सरकवली.

सोळा झाल्या. सतरावं झाड अडलंय : कोपऱ्यातला वाकडा सुरू. कुणालाच त्याच्याबद्दल काही आठवत नाही. मामीने दोनदा विचारून पाहिलं.

टिपण दिलंस हे चांगलं केलंस. हरलीस तर सही करून हरलीस, एवढं लक्षात ठेव. आशीर्वाद भरपूर आहेत, वापर.

मामा

६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, कागद ह्यांचाच घेतला आहे. तुम्ही सगळे परत गेल्यावर घर आवरलं. तू विचारलं होतंस की शेवटच्या दिवशी ते काय करत होते. तेव्हा माणसांत बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

सकाळी चहा घेतला, चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली. मग खुर्ची खिडकीशी ओढून मागितली आणि तो सुरू नक्की कुठे होता ते मला बोटाने दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग हे लिहिलं :

वाकडा सुरू.
तुझ्याबद्दल कुणाला काही आठवत नाही.
मीही कधी नीट पाहिलं नाही.
चूक माझी. नोंद घेतली आहे.

मला दाखवून म्हणाले की यात कविता किती आहे ठाऊक नाही, पण खरं आहे. दुपारी पुठ्ठ्याला खळ लावता लावता मान टेकली. मला वाटलं डुलकी लागली.

नंतर मी सगळ्या प्रती पुऱ्या केल्या. काल आणि आज वाटल्या, चाळीसही घरं. नर्सबाईंनी दारातच चिंचेचं पान काढून वाचलं आणि मला आत बसवलं. शिंपी म्हणाला, मी तुम्हाला शिलाई दाखवली असती. मी म्हटलं, आता काय उपयोग, आता मला येते.

तुझ्या टिपणाचं काय झालं? ते असते तर रोज विचारलं असतं. आता मी विचारत जाईन.

तुझी मामी

२७ एप्रिल

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

चौदांपैकी नऊ झाडं वाचली. पाच ठिकाणी जुनी वाहिनी फार जवळून जाते, तिथे माझं चाललं नाही. वरून मंजुरी आली त्याच दिवशी माझ्या बदलीचा कागदही आला, सामानाच्या कोठारात. साहेब ओशाळले होते. मी त्यांना म्हटलं, खोदकाम होईपर्यंत मला इथून हलवू नका, बाकी चालेल. त्यांनी तेवढं ऐकलं.

काल यंत्र आलं. चालवणाऱ्याने विचारलं की सरळ जायचं सोडून गटार असं वळसा घालून का नेताय. मी झाडं दाखवली. तो म्हणाला, एवढ्यासाठी? मी म्हटलं, एवढ्यासाठीच. त्याने खांदे उडवले आणि यंत्र वळवलं. उरलेल्या झाडांवर करवत चालली तेव्हाही मी तिथेच उभी होते. त्यांची नावं आणि घेर वहीत उतरवून घेतले.

मामी, मला आणखी नऊ प्रती हव्यात, त्या नऊ झाडांसमोरच्या घरांसाठी. काय उभं आहे ते त्यांना आत्ताच कळू दे. शिवायचं मला शिकव. उलटं शिवलं तर ओरड. रविवारी पहिल्या गाडीने येते, कागद आणि दोरा घेऊन.

भेटीत बाकी बोलू. तोवर माझ्यावर जीव असू दे.

तुझी भिंगरी