कूम ओब्रादांचा जावई

नोवी साद, २ ऑगस्ट १९७८

चि. स्तानियास रादिशादादाचे अ. उ. आ.

गारांनी छप्पर चाळणी केल्याचं कळलं. बर्फाच्या आत नवं व्हायलाच हवं, आईचा पलंग त्याच्याच खाली आहे. कारागीर निवडताना कान उघडे ठेव. आधीच्या माणसाच्या कामाला नावं ठेवत आत शिरतो, तो नको. वर चढून, खाली उतरून जरा वेळ गप्प बसतो, त्याला धर. मग त्याने शाकारलेल्या घरी जा. घरधन्याला विचारू नकोस, तो स्वतःची अक्कल सांगेल. बाईला विचार, पावसात बादली कुठे ठेवता म्हणून.

आईला नमस्कार. खुशाली कळवत राहा.

तुझा दादा

---

२५ ऑगस्ट

ती. दादास स्तानियाचा सा. न. वि. वि.

तुझा गप्प माणूस सापडला. वुयाडिन नाव. तीन घरच्या बायकांना विचारलं. एकीने तर कसली बादली म्हणून मलाच वेड्यात काढलं. त्याला होकार देणार तेवढ्यात रविवारी कूम ओब्राद आले. राकियाचा पेला संपवून म्हणाले की छपराचं ठरलं, आमचा जावई करेल. दादा, तो वसंतापर्यंत बसमध्ये तिकिटं फाडत होता! मी तोंड उघडलं, तर आईने पलंगावरूनच दटावलं: ज्यांच्या घराण्याने तीन पिढ्या धर्मपिता होऊन आपली पोरं बाप्तिस्म्याला हातात धरली, त्या कूमला नाही म्हणणारी तू कोण?

मी काय करू? लवकर लिही.

स्तानिया

---

नोवी साद, १ सप्टेंबर

चि. स्तानियास अ. आ.

सरळ नाही म्हण! कूम आहेत, देव नव्हेत. इथे दुकानात मी बड्या बड्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवतो. तुझी जीभ रेटत नसेल, तर ऑक्टोबरअखेर संत लुकाच्या सणाला घरी येतोच आहे, तेव्हा मी बोलतो.

धीर सोडू नकोस.

दादा

---

६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

कूमना नाही म्हणणं मला जमलं नाही. जावईबापूंनी जुनी कौलं उतरवली, ताडपत्री पसरली आणि आलुबुखाराची दारू गाळायला गेले ते गेलेच. वुयाडिनच्या पाया पडायची बाकी राहिले. तो म्हणाला, ताई, दुसऱ्याची परांची उभी असताना मी त्या घराला हात लावत नाही. परांची काढा असं कूमना सांगायचं कोणी? आई विचारते, रात्री छत का फडफडतं. मी वारा म्हणते.

तू ये. तुझ्यावरच सगळी भिस्त आहे.

स्तानिया

---

नोवी साद, २ नोव्हेंबर

चि. स्तानियास अनेक आशीर्वाद.

पहाटे तुला न भेटता निघालो. तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून सणाच्या मेजावर काय झालं ते सांगतो. मी पेला घेऊन उभा राहिलो, घसा साफ केला. तीस माणसांनी चमचे खाली ठेवले. तेवढ्यात ताडपत्रीतून थेंब कूमच्या टकलावर पडला. ते हलले नाहीत. टक्कल पुसून म्हणाले की मेज जरा भिंतीकडे घ्या रे, आणि रादिशा, तुझ्या मुलीला बाळ होणार ना, बाप्तिस्मा कधी धरायचा?

सगळे माझ्याकडे बघत होते, आईसुद्धा. माझ्या तोंडून निघालं, तुम्ही म्हणाल तेव्हा, कूम. टाळ्या ऐकल्या असशील, त्या त्याच्याच. मेजाचं एक टोक मीच उचललं.

बाप्तिस्म्याआधी छप्पर पुरं होईल असा शब्द त्यांनी चारचौघांत दिला आहे. पोर फेब्रुवारीत होणार, हे मी बोललो नाही.

आईचा पलंग चुलीजवळ घे. मोटारींच्या टपासाठी दुकानात येतं ते सगळ्यात जाड मेणकापड उद्याच्या बसने पाठवतो. चांगलं आहे, हिवाळा काढेल.

रागाने का होईना, दोन ओळी लिही.

दादा