तुझ्या आईंनी कोपर हलवलं नाही

स्ट्रुअन,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली तरी हाताची सवय जात नाही.

परवा फोनवर ओरडलास, “सत्तरीच्या बाईला सायकलवर कशाला फिरवतेस?” मी फिरवते? आज रॅनॉखच्या माळावर समोरून असा वारा होता, की मेंढ्यासुद्धा पाठ करून उभ्या होत्या. अशा वेळी आम्ही एकामागे एक चालवतो. पुढचा वारा झेलतो, आणि दमला की कोपर हलवतो. मग मागचा पुढे येतो. तुझ्या आई पुढे गेल्या आणि सात मैल त्यांनी कोपर काही हलवलं नाही. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे शेजारचा डूगल.

“काकू, आम्हालाही जरा वारा खाऊ द्या की!” डूगल ओरडला.

“ग्लेन्कोला पोचल्यावर खा हवा तेवढा!”

मला वाटलं, विसरल्या असतील. जोर लावून मी त्यांच्या बरोबरीला आले. गाल लालबुंद झालेले, नजर समोर.

“आई, आता मी येते पुढे.”

“गप मागे राहा. माझ्या लेकाने बारा वर्षांत तुला कधी आडोसा दिला नाही. आज मला देऊ दे.”

मी मागे गेले. तिथे वारा लागत नव्हता, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं.

हे पत्र टाकणार नाही. तू त्यांच्याशी भांडत बसशील. आणि उद्या पुढे मी राहणार आहे.

तुझ्या आईची सून,
कॅट्रिओना