कच्च्या रंगावर मेण

७ फेब्रु. ८८
धुळ्याच्या ताराचंदशेठची गाडी आज गेली. मरून रंग. मारून बाराच दिवस झालेत. परवा त्यांच्या मुलाचं लग्न, नवरदेव ह्याच गाडीतून निघणार. शेठ सकाळीच येऊन बसले. "भाऊ, रंग झकास. पण चमक कुठंय? वरातीत माणसाला आपलं तोंड दिसलं पाहिजे."
इसाकचाचा, माझे पेंटर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा दिन हुए हैं. ऊपर से सूखा, अंदर से गीला. अभी मेण चढाएगा तो उसका दम घुटेगा."
मी म्हटलं, "चाचा, लग्न थांबतं का रंगासाठी?"
ते तंबाखू मळत लांब जाऊन बसले. मेण मीच लावलं. शेडमध्ये दोन जीपा, म्हणून गाडी बाहेर, भर दुपारी, पत्रा तापलेला. चमक मात्र अशी आली की शेठचा ड्रायव्हर नामदेव टपाकडे बघत मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "भाऊ, बठ्ठं धुळं दिसी आते ह्या गाडीमा!" अख्खं धुळं एका टपावर! सगळे हसले. मीसुद्धा.

२१ मार्च
आज माझ्या तोंडातून जे निघालं ते लिहून ठेवतो. लिहिलं नाही तर उद्या मीच त्याला दुसरं रूप देईन. स्वतःला ओळखतो मी.
शेठ आले, गाडी घेऊन. टप आणि बोनेट पांढुरकं पडलंय. दुधात पाणी घातल्यासारखं. मडगार्डवर बारीक फोड. गॅरेजात पाच-सात गिऱ्हाइकं, चोपड्याचे एक डॉक्टरही. शेठ मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, दीड महिन्यात हे? जळगावात तुमच्याएवढा रंग कुणी मारत नाही म्हणून नव्वद किलोमीटर येतो मी."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोनेटवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणालो, "रॉकेल. रॉकेलचा हात लागलाय शेठ. ड्रायव्हर लोक चमक यावी म्हणून फडकं मारतात."
वास खरंच होता का? बोनेटला पुसट वाटला. पण टपाला नव्हता.
शेठनी नामदेवकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन उभा. माझे कान तिखट, इंजिनाच्या आवाजावरून मी कोणता व्हॉल्व्ह ते सांगतो. नामदेवनं श्वास आत घेतला आणि तो तिथंच राहिला, एवढं ऐकलं मी.

२२ मार्च
गाडी इथंच आहे, कंपाउंड घासून डाग निघतात का बघायला ठेवलीय. सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. सातचं आडवं ऊन टपावर पडलं होतं. पांढुरक्या डागांत गोल गोल वळणं दिसतात. हात फिरवल्याची. सगळी उलटी, डाव्या हाताची.
गॅरेजात डावखुरा मी एकटा.
कंपाउंडनं थोडं निघालं, बाकी आत गेलंय. शेठनी माणूस पाठवून गाडी नेली. निरोप: पावसाळ्यानंतर नवा रंग मारू, तुमच्याकडेच. तुमचा काय दोष.

३ एप्रिल
धुळ्याचा एक ट्रकवाला आला होता, त्याच्याकडून कळलं. शेठनी नामदेवला काढलं. चौदा वर्षं होता. मुलांना शाळेत सोडणं, शेठच्या आईला दवाखान्यात नेणं, सगळं तोच. ट्रकवाला म्हणाला, "रॉकेलनं गाडी पुसत होता म्हणे. बुद्धू."
मी "हं" म्हणालो. एवढंच.
रात्री जेवण गेलं नाही. सौ.नं विचारलं. म्हटलं, उन्हाचं.
ट्रकवर सात वर्षं काढली मी, रावेरहून केळी भरून दिल्लीपर्यंत. माल काळा पडला तरी ड्रायव्हर, उशीर झाला तरी ड्रायव्हर. त्याच्या शब्दाला वजन नसतं हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच तर तेवढ्या माणसांत मला नेमका तोच सापडला.

१६ एप्रिल
नामदेव आला. एस.टी.नं, धुळ्याहून. मला वाटलं भांडायला आला. मी कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो.
तो वाकून माझ्या पाया पडायला लागला. वयानं माझ्याहून मोठा माणूस.
"भाऊ, मनी चूक शे. तुमना एवढा चांगला रंग मनामुळे खराब व्हयना."
म्हणाला, लग्नाच्या मांडवाला केळीचे खांब होते. त्यांचा चीक बोनेटवर ठिबकला. काळे डाग पडतील म्हणून घाबरला आणि रॉकेलचं फडकं मारलं. "एकच डाव, भाऊ. वितभर जागा. माले काय माहीत, बठ्ठी गाडी जाई म्हणीसन."
वितभर जागेतल्या रॉकेलनं टप जात नाही. हे मला माहीत. चाचांना माहीत. चाचा पलीकडे सँडपेपर घासत होते, त्यांचा आवाज थांबला. मी बोलेन म्हणून थांबले असतील. मी म्हणालो, "जाऊ दे नामदेव. चहा घे."
सँडपेपर परत सुरू झाला. जोरात.

१८ एप्रिल
नामदेव जवळच असोद्याला बहिणीकडे उतरलाय. उद्या आखाजी. पोरगी सणाला माहेरी आलीय त्याची, आणि हा घर सोडून इथं. "तिले काय तोंड दाखाडू? बाप घरी बसेल शे." त्याला वाटतं, मेण लावायचं नीट शिकून घेतलं तर शेठच्या गाडीचं थोडं तरी भरून काढता येईल, शेठ परत ठेवतील. म्हणाला, "पैसा नको भाऊ, शिकाडा फक्त."
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? रोजी देतोय, तो नको नको म्हणताना. घेताना त्याची मान खाली. देताना माझीही.

२६ एप्रिल
शिकवतोय. हात चांगला आहे त्याचा, माझ्यापेक्षा हलका.
सांगितलं ते असं. आधी भरपूर पाण्यानं धुणं. आपली काळी माती कोरडी पुसली की ती रंगावर कानसच. मग सावली. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघ, चटका नको. आता ह्या दिवसांत सकाळी सहा ते आठ, पुढं नाही. मेण बोराएवढं, जास्त नाही. एका वेळी एकच भाग: आधी बोनेट, ते पुरं झालं की मग दार. रबराला लागू द्यायचं नाही, पांढरं पडतं. पांढुरका थर आला की बोट ओढून बघ. बोटाखाली स्वच्छ निघालं तर पुसायचं, चिकटलं तर थांबायचं. कापड जुन्या धोतराचं, शिवण-बटण नसलेलं.
आणि कान ठेव. कापड किरकिरलं की खाली कण आहे, लगेच थांब. काम बरोबर चाललं असेल तर कापड गप्प असतं.
तो हसला. "भाऊ, तुम्ही तं रंगनी नाडी पाहतस."
चाचाही दहा दिवस गप्पच आहेत.

५ मे
नामदेवनं शाळेची वही आणलीय. मोठ्या अक्षरात सगळं उतरवून घेतो. आज विचारलं, मेण कधी कधी लावायचं? म्हटलं, उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा, पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीत एकदा. नाहीतर पाणी मारून बघ. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर आहे अजून. पसरले तर संपलं.
लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच धरून म्हणाला, "आन् नवा रंग असना तं? किती दिनमा लावानं?"
मी म्हटलं, "अरे, त्या जीपवाल्याचा फोन यायचा होता…" आणि आत गेलो.
फोनशी उभा राहिलो बराच वेळ. फोन कुणाचाच यायचा नव्हता.

९ मे
चाचा आज बोलले. घरी जाताना, सायकलवर टांग टाकता टाकता. "तेरे पास मैं अठारह साल से हूँ. तूने काम में कभी झूठ नहीं मिलाया. रंग में नहीं, थिनर में नहीं." एवढं बोलून गेले. पुढचं वाक्य त्यांनी मलाच पुरं करायला ठेवलं.

१० मे
सांगितलं.
सकाळी साडेसहा, दोघंच. तो दार पुसत होता. म्हटलं, वही काढ. नव्या रंगाला अडीच-तीन महिने मेण नाही. वरून सुकतो, आतलं थिनर निघत असतं. वर मेण चढवलं की ते कोंडतं. मग रंग पांढुरका पडतो, फोड येतात.
त्यानं लिहिलं. सगळं लिहिलं, "फोड येतात" पर्यंत. मग पेन्सिल थांबली. बोटांवर मोजायला लागला. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, तरी मला ऐकू आलं: बारा दिन.
मी म्हटलं, "टप तू पुसलाच नव्हतास. तो माझा हात होता."
त्यानं कापडाची नीट घडी केली, मेणाच्या डब्याला झाकण लावलं, नळावर हात धुतले. वही घेतली आणि गेला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

१३ मे
नामदेव आला नाही, तिसरा दिवस.
आज धुळ्याला गेलो. शेठ पेढीवर होते, जवळ दोन-तीन व्यापारी. बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. बारा दिवस, भर ऊन, चाचांनी अडवलेलं, रॉकेलची थाप.
शेठ ऐकत होते. मग उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. व्यापाऱ्यांना म्हणाले, "बघा. ह्याला म्हणतात माणूस. एका ड्रायव्हरची नोकरी परत मिळावी म्हणून आपल्या धंद्याला बट्टा लावून घेतोय."
मी म्हटलं, "शेठ, खरं सांगतोय मी."
"अहो भाऊ, नामदेवनं स्वतः कबूल केलंय माझ्यापुढं. रॉकेल मारलं म्हणून. रडला. तुम्ही कशाला ओढून घेता?"
तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मी जास्तच भला ठरत गेलो. व्यापाऱ्यांतल्या एकानं माझा पत्ता लिहून घेतला, त्याच्याही गाडीला रंग मारायचाय. असा इमानदार माणूस पाहिजे म्हणाला.
निघताना शेठ: "आणि नवा ड्रायव्हर ठेवलाय आता. तरी तुमच्या शब्दाखातर विचार करतो."
माझ्या शब्दाखातर!
एस.टी.त खिडकीशी बसलो. शेजारचा विचारत होता, काय हो, बरं नाही का?

१४ मे
चाचांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही चला, तुमच्यापुढं घडलंय सगळं, तुमचं तरी ऐकतील. ते म्हणाले, "आता हूँ. लेकिन पहले नामदेव से पूछ, उसको हमारी गवाही चाहिए भी या नहीं."
हे मला सुचलंच नव्हतं. दोन महिने मी माझ्याच मनाचं बघत बसलोय.

१५ मे
संध्याकाळी असोद्याला गेलो. नामदेव बहिणीच्या ओट्यावर बसला होता. उठला नाही. बहिणीनं तांब्या आणून ठेवला. तिला काही माहीत नसावं, "बसा भाऊ, जेवूनच जा" म्हणाली.
धुळ्याचं सगळं सांगितलं, माझा मोठेपणा कसा झाला तेही. वाटलं होतं निदान त्यावर तरी हसेल. कोरडं का होईना.
त्यानं एकच विचारलं. "भाऊ, ज्या दिन तुम्ही बोट नाकले लावं, त्या दिन तुमले माहीत व्हतं?"
माझ्याजवळ दोन-तीन उत्तरं तयार होती. गडबडीत निघालं, खात्री नव्हती, माणसं होती समोर. वाटेत मोटारसायकलवर जुळवलेली.
म्हटलं, "हो. माहीत होतं."
तो रस्त्याकडे बघत राहिला. केळीनं भरलेला ट्रॅक्टर गेला, धूळ खाली बसली. मग तांब्या माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पाणी पिया."
प्यालो.
सांगून आलोय की उद्या चाचा आणि मी साडेआठच्या धुळे गाडीनं जातोय, स्टँडवर थांबू. शेठपुढं तू उभा असशील तरच हे बोलणं तुझ्या बाजूचं होईल, नाहीतर परत माझ्याच पदरात पडेल. पण यायचं की नाही ते तुझं तू ठरव.
येतो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. मी गाडीला किक मारली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, बहिणीला विचारत होता, "मनं धुयेल धोतर कोठे शे?"
धुतलेलं धोतर उद्या जायचं म्हणून विचारलं की सहज, कळलं नाही. एवढे तिखट कान माझे, पण नाही कळलं.