मन मोकळं करायचा सोमवार

लाडक्या साहेबा,

मला अक्षरओळख नाही, म्हणून तुझ्या धाकट्या बहिणीकडून लिहून घेते आहे. शिवणकारखान्याचा मोठा साहेब झाल्यापासून तू दर सोमवारी सगळ्यांना गोल करून बसवतोस आणि मन मोकळं करायला लावतोस म्हणे. परवा आजोबा गेल्याचं सांगताना रडलासही. बरं केलंस. घरी तर टिपूसही काढलं नव्हतंस.

मग कॉलर शिवणारी म्हणाली, "साहेब, खरं सांगू? तुम्ही मागे येऊन उभे राहिलात की माझी शिवण वाकडी जाते. भीती वाटते तुमची." तू हात जोडून तिचे आभार मानलेस आणि दुसऱ्याच दिवशी तिला मशीनवरून उठवून खोकी बांधायला बसवलंस.

अरे शहाण्या, आधी तोंड उघडायला सांगायचं आणि उघडलं की बोळा कोंबायचा, ही कुठली रीत? तुला लागलं होतं, तर तसं तिथेच बोलायचं होतंस. तू रडलास ते मन मोकळं करणं आणि ती बोलली तो आगाऊपणा का? आधी तिला मशीनवर परत बसव.

हे आजच पाठवणार होते. पण बटणं लावायला तुझी बहीणही तुझ्याच कारखान्यात जाते ना. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आजी, दादा माझं अक्षर ओळखेल. मलाही खोक्यांवर बसवेल."

सख्खी बहीण आहे रे तुझी. कागद माझ्याकडेच राहू दे.

तुझ्या हाताखाली नसलेली,
आजी