पुढच्या दोन खोल्या, उघड्या कपाटांसकट

मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी भद्रावती येथील पळसफूल सार्वजनिक वाचनालयाच्या खिडकीतून माझ्या हातात 'साठीनंतरचे पोट व त्याची निगा' हे पुस्तक ठेवण्यात आले. मी ते मागितले नव्हते. मी कोणतेच पुस्तक मागितले नव्हते, मी आत जाऊन बघणार होते. सदर घटनेमुळे मला हे मृत्युपत्र नव्याने लिहावे लागत आहे.

मी, रीता गुणवंतराव निमगडे, वय एकोणसत्तर, सेवानिवृत्त मेट्रन, राहणार सुमठाणा, भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, मोतीबिंदू काढल्यापासून नजर पूर्वीपेक्षा चांगली आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे. रागाच्या भरात मृत्युपत्र करता येते का, असे मी वकील चंदन ठेंगणे यांना विचारले. ते म्हणाले, "बाई, रागाशिवाय कोन करते?"

यापूर्वीच्या मृत्युपत्राने मी माझी सर्व पुस्तके आणि घराच्या पुढच्या दोन खोल्या पळसफूल वाचनालयाला बिनशर्त दिल्या होत्या. ते मृत्युपत्र रद्द समजावे. 'बिनशर्त' हा शब्द त्यात मीच हट्टाने घातला होता.

कलम १. रागाचे कारण.

दिवाळीपर्यंत वाचनालयात कपाटे उघडी होती. आत जायचे, रांगांमधून फिरायचे, हाताला येईल ते काढायचे, दोन पाने वाचायची, नाही पटले तर ठेवून द्यायचे. दिवाळीनंतर सचिव धनराज मत्ते यांनी काचेची कपाटे आणली, त्यांना कुलपे घातली, मध्ये प्लायवुडची भिंत उभी केली आणि त्या भिंतीला रेल्वेच्या तिकिटासारखी खिडकी पाडली. कारण विचारले तर दर्जा वाढवायची तपासणी येणार आहे आणि वाचक पुस्तके विस्कटतात. काचेतून बघावे तर आमच्याकडे सगळी पुस्तके एकाच चॉकलेटी रेक्झिनमध्ये बांधलेली, पाठीवर नुसता नंबर. नवऱ्या मुलाला मुलगी पाठमोरी उभी करून दाखवायचा हा प्रकार आहे.

त्या दिवशी खिडकीशी झालेले बोलणे मी जसेच्या तसे नोंदवते.

"बाई, कोणतं पाह्यजे?"

"अजून माहीत नाही. आत जाऊन बघते."

"आतमधी सोडनं बंद हाय. चिठ्ठीवर नाव लिवा, मी काढून देतो."

"धनराजभाऊ, ज्या पुस्तकाचे नावच मला माहीत नाही, ते चिठ्ठीवर कसे लिहू?"

"जे मालूमच नाई, ते वाचाचं काऊन?"

ग्रंथपाल मोनाली त्यांच्या मागच्या खुर्चीवर होती. ती हळूच म्हणाली, "सर, बाई त रोज पाहूनच नेते."

"तू चूप राय वो."

मग त्यांनी मला अंबाड्यापासून चपलेपर्यंत शिंप्यासारखे मोजले, मागे वळले, आणि सदर पुस्तक खिडकीतून पुढे केले. "हे घ्या. तुमच्या उमरीले बेस हाय."

या जिल्ह्यातली पोटे मी चौतीस वर्षे पाहिली आहेत. धनराजभाऊंचे स्वतःचे पोट, ते सहावीत असताना जांभळाच्या बिया गिळून आले तेव्हा, माझ्या हाताने रिकामे झाले आहे. त्या वेळी त्यांना कोणते औषध पाहिजे हे मी चिठ्ठीवर लिहायला सांगितले नव्हते. हा मजकूर खासगी आहे याची मला कल्पना आहे, म्हणूनच तो मृत्युपत्रात लिहिला.

पुस्तक मी घरी नेले आणि पूर्ण वाचले. पान बारावरच्या आकृतीत यकृत शरीराच्या डाव्या बाजूला आहे. मी पेन्सिलीने ते उचलून उजवीकडे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केले.

कलम २. घर.

माझ्या मृत्यूनंतर घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण माझ्या बहिणीचा मुलगा अजय याला मिळावे. पुढच्या दोन खोल्यांत माझी पुस्तके राहतील आणि त्या रोज दुपारी चार ते आठ कोणत्याही माणसासाठी उघड्या राहतील. अजयला मागून वेगळे दार पाडता येणार नाही. त्याने भाजीची पिशवी घेऊन, गॅसची टाकी घेऊन, सासऱ्यांना घेऊन, जसे यायचे तसे पुस्तकांमधूनच यावे. कधीतरी कोपर लागून एखादे खाली पडेल आणि उचलताना उघडेल, एवढीच माझी आशा आहे.

अजय म्हणतो, "मावशी, आता सगळं मोबाईलमधीच भेटते. तू एक पुस्तक पाह्यलं का तो तसंच दुसरं दाखवते." तसेच दुसरे मला नको आहे. काल भेंडी आवडीने खाल्ली म्हणून आज, उद्या आणि मरेपर्यंत भेंडीच वाढणाऱ्या खानावळीत मी जेवणार नाही.

कलम ३. पुस्तके कशी ठेवावीत.

कपाटांना दारे नसावीत. विषयवार लावावीत, पण फार नीट लावू नयेत. सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडू नये आणि त्याच्यासमोर एक पाट ठेवावा, कारण चांगली पुस्तके खाली ढकलली जातात आणि माझ्या वयाच्या बायकांना गुडघे असतात.

पुस्तके मळतील अशी भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी: चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्निस वाचनालयाच्या दारात उभ्या राहून आमची नखे तपासत. हात स्वच्छ असले की, "जा, आणि मला विचारू नको." एवढीच सूचना. एकदा मी विचारले, सिस्टर, मी कोणते घेऊ? त्यांनी मला दाराबाहेर उभे केले. मी आठवीत होते आणि मला तो अन्याय वाटला होता. आता धनराजभाऊंना बघितल्यावर वाटते, सिस्टरांची बदली इकडे व्हायला हवी होती. तर खोलीच्या दाराशी साबण आणि नळ ठेवावा. कुलूप ठेवू नये.

उभ्याने वाचणाऱ्याला कोणी हटकू नये. याचे कारण धानोरा. माझी पहिली नेमणूक तिथे झाली तेव्हा पुस्तकांचे दुकान नव्हते, वारलूभाऊंचे किराणा दुकान होते. मीठ, तंबाखू, टॉर्चचे सेल, आणि एका फळीवर शाळेच्या गाईडांमागे पंधरावीस जुनी पुस्तके. बदली होऊन जाणारे मास्तर आणि वनरक्षक सामान हलके करताना ती त्यांच्याकडे टाकून जात. वारलूभाऊंचा नियम होता, "उभ्यानं वाचलं त फुकट, बसलं त चार आने." मोहफुलांच्या पोत्याला टेकून मी एक अख्खी कादंबरी उभ्याने संपवली. पोत्यावर टेकणे म्हणजे बसणे होते का, यावर आमचा वाद झाला. वारलूभाऊंनी गिऱ्हाइकांची मते घेतली आणि मी हरले. पायांच्या शिरा तेव्हापासून फुगलेल्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्याच फळीवर, गाईडांच्या मागे, मला दीपगृहाची देखभाल कशी करावी याचे एक पुस्तक सापडले. धानोऱ्याहून समुद्र कोणत्याही दिशेला निघाले तरी दोन दिवस. मी विचारले, "वारलूभाऊ, हे कशाबद्दल आहे?" ते म्हणाले, "मले समजलं नाई म्हनूनच ठेवलं. तुमाले समजलं त सांगा." मला समजले. दिव्याची काच कशी पुसावी म्हणजे उजेड दूर जातो, यावर त्यात एक पूर्ण प्रकरण होते. त्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राची वीज सारखी जायची, आणि माझ्या कंदिलांच्या काचा लखलखत होत्या. त्या वर्षी धानोऱ्यात जन्मलेल्या पोरांनी डोळे उघडल्यावर पहिला उजेड समुद्रावरचा बघितला असे मी म्हणते, आणि कोणी हसले तर हसू देते.

ते पुस्तक चिठ्ठीवर नाव लिहून मागणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

कलम ४. बँकेतील ठेव.

ठेवीच्या व्याजातून दरवर्षी नवी पुस्तके घ्यावीत. घेणाऱ्याने घरबसल्या मागवू नयेत. चंद्रपूरला किंवा नागपूरला स्वतः दुकानात जावे, निदान तासभर काढावा, दुकानदार "काही मदत करू का" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावे आणि जे घ्यायला गेले होते ते सोडून दुसरे एक तरी पुस्तक घेऊन यावे. सगळी पुस्तके ठरवलेलीच आणली तर एसटीचे भाडे मिळणार नाही.

कलम ५. कै. गुणवंतराव.

माझे पती गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होते. माणूस सज्जन, कामसू, चहा स्वतः करून घेणारा. परंतु मी आणलेले प्रत्येक पुस्तक ते शेवटच्या पानावरून उघडत आणि जेवताना म्हणत, "रीता, तो डॉक्टरच खुनी हाय बरं का." एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझे किती खुनी पकडून दिले याची मोजदाद नाही. त्यांच्या फोटोला रोज फूल वाहावे. फोटो रहस्यकथांच्या कपाटापासून लांब, शेतीविषयक पुस्तकांशेजारी लावावा.

कलम ६. अवजारे.

माझा टॉर्च, भिंग आणि लांब आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे ऑपरेशनचा चिमटा, मोनालीला द्यावेत. फोर्सेप्स कपाटाच्या मागे पडलेली पुस्तके काढायला उत्तम आहे. काचेच्या कपाटांची बारीक कुलपेही त्याने उघडत असावीत असे मला वाटते. मी करून पाहिलेले नाही. बुधवारी तिसऱ्या कपाटाचे कुलूप उघडे सापडले, त्याबद्दल धनराजभाऊंनी मोनालीला बोलू नये. ती त्या वेळी डबा खायला घरी गेली होती, आणि मी फक्त पंधरा मिनिटे आत होते. मधमाश्यांवरचे एक सुंदर पुस्तक सापडले. ते मी टेबलावर ठेवून आले, रीतसर नोंद करून नेण्यासाठी.

कलम ७. नीलिमा.

माझी सहकारी, परिचारिका नीलिमा वाळके हिने एक प्रवासवर्णन "दोन दिवसात देते वो" म्हणून नेले, त्यानंतर आमच्या दोघींच्या निवृत्त्या झाल्या. मी तिला प्रेशर कुकर देणार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी तिला साक्षीदार केले आहे.

कलम ८. डोळे.

माझे डोळे दान करावेत, तसा अर्ज भरलेला आहे. ज्याला मिळतील त्याच्यावर माझ्या आवडीनिवडीचे बंधन नाही. त्याला काय वाचायचे ते त्याने हिंडून शोधावे.

कलम ९. वाचनालयासाठी प्रस्ताव.

मला धनराजभाऊंशी भांडायचे नाही. मला काय पाहिजे ते साधे आहे. सकाळी उठल्यावर मला माहीत नसते की मी पुढचे कोणते पुस्तक वाचणार आहे, आणि तेवढ्यासाठी मी उठते. नवरा गेला, नोकरी गेली, चंद्रपूरची जुनी दुकाने एकेक करून मोबाईलची झाली. आता हिंडून पुस्तक शोधता येईल अशी माझ्या पायांच्या टप्प्यातली एकच जागा उरली होती, आणि तिच्यात खिडकी पाडली. मी मेल्यावर माझ्या दोन खोल्या उघड्या राहतील ते ठीकच, पण मला तर जिवंतपणी फिरायचे आहे.

म्हणून, वाचनालयाने भिंत काढून कपाटे पूर्वीसारखी उघडली, तर पुढच्या दोन खोल्या, त्यातली पुस्तके आणि ठेवीचे व्याज वरील कलमांच्या अटींसह वाचनालयाची शाखा म्हणून वाचनालयाला मिळावे. तपासणीसाठी पुस्तके जुळवून ठेवायची असतील तर आदल्या दिवशी मी स्वतः येऊन लावून देईन. चौतीस वर्षे वॉर्डातल्या चादरी तपासणीच्या आदल्या दिवशी मीच ताणत असे.

कपाटे उघडली नाहीत, तर पुढच्या दोन खोल्या अजयच्या देखरेखीखाली याच अटींवर चालतील आणि वाचनालयाला त्यातले एक पानही मिळणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः मोठ्याने वाचले, आणि साक्षीदारांना न हसता ऐकावे लागले. ही अट त्यांनी दोनदाच मोडली.

सही: रीता गुणवंतराव निमगडे
ठिकाण: भद्रावती
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: नीलिमा वाळके, सेवानिवृत्त परिचारिका. (सही करताना म्हणाली, "पुस्तक घरीच हाय, शोधून राह्यले.")
साक्षीदार २: डॉ. रोशन कुळमेथे, भद्रावती. लिहून देणार यांना मी तपासले असून त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब थोडा जास्त. कारण वर आलेले आहे.

प्रत रवाना: सचिव, पळसफूल सार्वजनिक वाचनालय, भद्रावती. मृत्युपत्राची प्रत जिवंतपणी पाठवून तिच्यावर उत्तर मागत नाहीत, असे वकिलांचे म्हणणे आहे. मी मागते. कलम ९ बाबत समितीने आपला निर्णय सोमवार, दिनांक १५ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत, लेखी, सहीशिक्क्यासह माझ्या घरी पोचवावा. 'बैठकीत ठेवतो', 'वरून आदेश नाही' आणि 'पाहू' ही तीन उत्तरे उत्तर म्हणून धरली जाणार नाहीत. उत्तर हातात पडेपर्यंत मी मरणार नाही, तरी समितीने त्या भरवशावर राहू नये.